वारा मोजणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना (खडकवासला विभाग)

ज्यांनी नुकतीच एअरो रोड बाइक घेतली आहे, घरी तिची किंमत निम्मी सांगितली आहे आणि आता ती वारा कशी कापते हे चारचौघांत सिद्ध करण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्यासाठी या सूचना आहेत. साधी सायकल असणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. त्यांचे पैसे वाचण्याची शक्यता जास्त आहे.

साहित्य: एक सायकल, एक पॉवरमीटर (उसना चालेल, कोणी दिला तर), वजनकाटा, वही, पेन्सिल आणि वेळ पाळणारा एक मित्र. हा शेवटचा घटक पहाटे साडेपाचला मिळावा लागतो, हे लक्षात ठेवून आदल्या रात्रीच त्याच्याकडून शब्द घ्यावा.

आधी गणित

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडून काढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. विरोध तीन गोष्टींवर ठरतो: हवेची घनता, समोरून दिसणारे तुमचे क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक. शेवटच्या दोघांच्या गुणाकाराला सायकलवाले ‘सीडीए’ म्हणतात. हूडवर (ब्रेकच्या मुठींवर) हात ठेवून बसलेल्या मध्यम चणीच्या माणसाचा सीडीए 0.32 चौरस मीटर धरू. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथली हवा घनमीटरला साधारण 1.1 किलो भरते. मुंबईपेक्षा ती पाचेक टक्के विरळ असते. पुणेकरांना हा फायदा जन्मजात मिळतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आता आकडे. वारा पडलेला असताना ताशी 20 किलोमीटर वेगाने जायला हवेपोटी 30 वॉट लागतात. 30 किलोमीटरला 100 वॉट. 45 किलोमीटरला 345. वेग दीडपट झाला की खर्च जवळजवळ साडेतीनपट होतो, हे पेट्रोल भरणाऱ्यांना पटकन कळते, पोहे खाऊन निघणाऱ्यांना जरा उशिरा.

सायकलच्या जाहिरातीत ‘15 वॉटची बचत’ ठळक अक्षरांत असते आणि ‘ताशी 45 किलोमीटर वेगाला’ बारीक अक्षरांत. सिग्नल, रिक्षा, धायरी फाट्यावरची गर्दी आणि दुभाजकावरून उतरणारे काका जमेस धरून सिंहगड रोडवर आपला वेग 22 पडतो. घनाच्या हिशेबाने तिथे 15 वॉटचे पावणेदोन वॉट उरतात. नवशिक्याने हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि ते पान कोणाला दाखवू नये.

विंड टनेल हवाच असेल तर

सायकलींसाठीचा विंड टनेल खडकवासल्यात नाही. देशात मोठा म्हणावा असा एक कानपूरच्या आयआयटीत आहे. त्याचा चाचणी-कक्ष 3 मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच, हवेचा वेग सेकंदाला 80 मीटरपर्यंत. म्हणजे ताशी 288 किलोमीटर. तिथे विमानांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती रांगेत असतात. आपण सायकल घेऊन उभे राहिलो तर सौजन्याने विचारपूस होईल, इतकेच. अमेरिकेत मॉर्गन हिलला स्पेशलाइज्ड कंपनीने 2013मध्ये खास सायकलींपुरता विंड टनेल बांधला. तिथवर सायकल न्यायचे विमानभाडे आणि वाचणारे वॉट यांचे गुणोत्तर ज्याने त्याने काढावे.

घरच्या घरी करणाऱ्यांना एक थोर उदाहरण उपलब्ध आहे. डेटनच्या राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते. पंखांच्या आकाराबद्दल छापून आलेले आकडे खोटे पडताहेत असा संशय आल्यावर त्यांनी 1901च्या शरद ऋतूत सायकलच्याच हॅण्डलपुढे तिसरे चाक आडवे बसवले. ते मोकळे फिरे. त्यावर एकीकडे सपाट पट्टी आणि दुसरीकडे वक्र पंखाचा तुकडा लावला आणि गावातून जोरात सायकल हाणली. वारा पुरेसा नव्हता, तो पायांनी तयार केला. चाक कोणत्या बाजूला वळते त्यावरून कोणता तुकडा जास्त जोर लावतो ते कळले. एवढ्याने समाधान होईना, म्हणून त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा बसवला आणि आत तराजू ठेवला. तो तराजू करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या स्पोकची तार यांचा होता. त्या पेटीत त्यांनी पंखांचे सुमारे 200 आकार तपासले आणि दोन वर्षांनी विमान उडवले. तेव्हा विंड टनेलमध्ये सायकल नेणे हा आजचा शौक असला, तरी त्यांच्या विमानाचा विंड टनेल सायकलच्या दुकानातून निघाला, हे घरच्यांना खर्च समजावताना उपयोगी पडेल.

आता टेबलफॅन. टेबलफॅनसमोर सायकल उभी करून मोजमाप करू नये. पात्यांमागची हवा गरगरत पुढे येते. ती सरळ करायला मधमाशांच्या पोळ्यासारख्या नळ्यांची जाळी लागते. शिवाय टेबलफॅनचा झोत फार तर हॅण्डलभर रुंद, आणि मोजायचे आहात ते तुम्ही.

मग छोटी प्रतिकृती का करू नये? खडकवासल्यात हा प्रश्न हमखास निघतो, कारण इथल्या माणसांचा प्रतिकृतींवर विश्वास आहे आणि तो रास्त आहे. मुंबई इलाख्याने 1916मध्ये सुरू केलेली आणि पुढे केंद्र सरकारकडे गेलेली जलसंशोधन संस्था, आजची सीडब्ल्यूपीआरएस, इथेच धरणाच्या अंगाशी आहे. देशभरातली धरणे, बंदरे, नद्यांची वळणे इथे आधी सिमेंटात छोटी होऊन उतरतात, त्यांतून पाणी सोडले जाते, आणि मग खरे काम कुठे चुकेल ते दिसते. पाण्याच्या या खेळात गुरुत्वाकर्षण हे मुख्य पात्र. त्यामुळे आकार सर्व बाजूंनी शंभरावा केला की वेळ दहावा करायचा, आणि साडेबारा तासांचे भरती-ओहोटीचे चक्र सव्वा तासात आटोपते. अधिकाऱ्याला जेवायला घरी जाता येते.

सायकलला ही सोय नाही. तिच्याभोवती हवा चिकटते कुठे आणि सुटते कुठे, यात हवेचा चिकटपणा मुख्य. तिथे आकार दहावा केला तर वेग दहापट करावा लागतो. म्हणजे वीतभर सायकलवर ताशी 450 किलोमीटरचा वारा सोडायचा, आणि त्या वेगाला हवा दाबली जाऊन आणखीच वेगळी वागायला लागते. म्हणून टनेलमध्ये पूर्ण मापाची सायकल आणि पूर्ण मापाचा माणूस जातो. कानपूरच्या सव्वादोन मीटर उंचीकडे पुन्हा बघावे. त्यात माणूस बसलेली सायकल मावते, पण हवेला बाजूने जायची वाट आखडते आणि आकडे फुगतात, ते दुरुस्त करत बसावे लागते.

सीडब्ल्यूपीआरएसची एक गोष्ट मात्र सायकलवाल्याने जरूर उचलावी. नदीचा वेग मोजणारी यंत्रे तपासायला तिथे वाहते पाणी वापरत नाहीत. लांबलचक सरळ कालव्यात पाणी निश्चल ठेवतात आणि रुळांवरच्या ट्रॉलीला यंत्र टांगून ते ठरलेल्या वेगाने त्या पाण्यातून ओढतात. पाणी यंत्रावरून जावो की यंत्र पाण्यातून जावो, यंत्राला फरक कळत नाही. स्वच्छ, निश्चल हवेत सायकल हाणणे आणि स्थिर सायकलवर हवा सोडणे, यांतही फरक नाही. आपल्याला हवी ती फक्त निश्चल हवा, आणि ती फुकट असते.

टनेलमध्ये नेमके काय होते

हे माहीत असावे, म्हणजे गप्पांत उपयोग होतो. सायकलची दोन्ही चाके आसांशी बारीक खांबांवर पकडलेली असतात, खाली रोलरांवर फिरत असतात, आणि सगळा मांडव एका तराजूवर उभा असतो. त्या तराजूला काही ग्रॅमांचा धक्काही कळतो. आधी नुसते खांब ठेवून वारा सोडतात आणि तो आकडा नंतर वजा करतात. मग मांडव थोडाथोडा वळवतात, पाच अंश, दहा अंश, पंधरा, दोन्ही बाजूंना. कारण वारा नाकासमोरून क्वचितच येतो. खोल रिमची चाके बाजूच्या वाऱ्यात शिडासारखी वागतात आणि काही कोनांत विरोध घटवतात. वाऱ्याचा झोत अचानक आला तर तीच चाके तुम्हाला रस्त्याच्या कडेला नेतात.

तज्ज्ञांची खरी अडचण सायकल नसून माणूस असते. एकूण विरोधात सायकलचा वाटा साधारण पाव, उरलेला तुमचा. तुम्ही मान दोन बोटे वर केलीत, कोपर सैल सोडलेत, की दोन फ्रेमांमधला फरक त्यात बुडून जातो. म्हणून जर्मनीच्या ‘टूर’ मासिकाच्या चाचणीत सायकलवर पाय हलवणारा पुतळा बसवतात आणि वारा 45चा सोडतात. पुतळा दमत नाही, त्याला पाठदुखी नाही, तो मागे वळून बस किती जवळ आली ते बघत नाही. त्याच्यावर काढलेला आकडा अचूक असतो आणि तो पुतळ्याला लागू पडतो.

कृती

पहाटे निघावे. उजाडल्यावर पश्चिमेचा वारा हळूहळू जागा होतो. उन्हाळ्यात संध्याकाळी समुद्राकडचा वारा पुण्यापर्यंत पोचतो आणि पावसाळ्यात तर दिवसभर तोच. पुण्याहून खडकवासल्याला जाताना तोंड नैर्ऋत्येला असते. म्हणजे जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीवर, शिवाय नदी जिकडे वाहते तिकडेच परतीचा रस्ता उतरतो. परतीचा वेग बघून नवी चाके लाभली असे अनेकांना वाटते. तो लाभ मुठा नदीचा असतो.

‘जाताना लागला तो वारा येताना मिळतो, हिशेब सारखा’ असे म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो. त्याला पुढील आकडे द्यावेत. ताशी 25च्या वेगाला निवांत हवेत 59 वॉट लागतात. 10 किलोमीटरचा वारा समोरून आला तर 115, आणि तोच पाठून आला तर 21. दोघांची सरासरी 68. वारा उसने घेतो तितके परत करत नाही, आणि समोरच्या वाऱ्यात वेळही जास्त जातो तो वेगळाच.

वाऱ्याची दिशा कळण्यासाठी महागडे यंत्र घेऊ नये. खडकवासला चौपाटीवर दुपारनंतर कणसाच्या शेगड्या लागतात. त्यांपैकी धरणाच्या भिंतीजवळची, आडोसा नसलेली शेगडी निवडावी. कोळशावर पंखा मारणे थांबले की तीन-चार श्वास वाट बघावी. शेगडीतून धूर आधी सरळ वर येतो, छत्रीच्या काठाशी पोचला की वाकतो आणि मग रस्त्याला तिरका होऊन निघतो. रस्त्याची कड आणि धुराची रेघ यांच्यातला कोन पेन्सिलीने वहीत काढावा. धूर गोळा होऊन परत शेगडीवरच येत असेल, तर मागे टेम्पो उभा आहे, तो जाईपर्यंत थांबावे. याच धुराचे काम टनेलमध्ये एक माणूस हातात नळी धरून करतो, मात्र त्याच्याकडे लिंबू-मीठ नसते. कणीस विकत घ्यावे. जागा अडवून कोन काढत बसल्याबद्दल एवढे देणे लागतो.

प्रत्यक्ष मोजणी मात्र पहाटेच, शेगड्या लागण्याच्या आधी. रॉबर्ट चंग यांनी सुचवलेली पद्धत यासाठी सर्वांत बरी. गर्दी नसलेला एक तुकडा निवडावा, जाऊन वळून परत तिथेच येता येईल असा. ब्रेक न लावता, बसण्याची ठेवण न बदलता, फेऱ्या माराव्यात. पॉवरमीटर ताकद नोंदवतो, सायकल-कॉम्प्युटर वेग नोंदवतो, तुमचे आणि सायकलचे वजन घरून मोजून आणलेले असते. या तिन्हींवरून प्रत्येक क्षणी चढ होता की उतार, हे संगणक मागून काढू शकतो. आता फेरी पूर्ण करून तुम्ही त्याच कठड्याशी आला आहात. कठडा हललेला नाही. पण संगणकाच्या मते तो फेरीगणिक दोन मीटर वर चालला असेल, तर तुम्ही सीडीए कमी धरला आहे: हवेने खाल्लेली ताकद संगणकाने चढावर मांडली. सीडीए वाढवत जावे, कठडा जागेवर आला की थांबावे. तो तुमचा आकडा. टायरांतली हवा दर वेळी तितकीच भरावी, नाहीतर टायरांचा दोष वाऱ्याच्या माथी जातो.

आधी जुने हेल्मेट, मग नवे, मग पुन्हा जुने. जुन्याचे दोन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर नव्याबद्दल एक अक्षर बोलू नये. ही अट पाळली तर गटातले संभाषण बरेच कमी होते.

इथल्या लष्करी प्रबोधिनीतले, म्हणजे एनडीएतले, रस्ते रुंद, सावलीचे आणि रिकामे असल्याचे ऐकून आहोत. ते मोजणीसाठी नाहीत. फाटकावरचा जवान सीडीए वगैरे ऐकून घेत नाही. आत कॅडेट मात्र एका वर्गावरून दुसऱ्यावर रांगेने सायकलींवरच जातात, साध्या काळ्या सायकली, पाठी ताठ. दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवल्याने जेवढे वॉट वाचतात तेवढे कोणत्याही फ्रेमने वाचत नाहीत, आणि ती गोष्ट 1955पासून इथे गणवेशात चालली आहे. बाहेरच्यांनी हाच प्रयोग पीएमपीच्या बसमागे करू नये. बस थांब्यावर थांबत नाही, थांब्याच्या पुढे थांबते, आणि अचानक.

निकालांबद्दल

वाऱ्याने खरेच शर्यती फिरल्या आहेत. 1989च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने. एकूण शर्यतीत ग्रेग लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. त्याने पुढे निघणारे जोडहॅण्डल आणि लांबट शेपटीचे हेल्मेट वापरले; लोराँ फिन्यों उघड्या डोक्याने, केसांची शेंडी उडवत आला. लेमाँडने त्या टप्प्यात फिन्योंला 58 सेकंदांनी मागे टाकले आणि तीन आठवड्यांची शर्यत 8 सेकंदांनी मारली. माझ्या मते यात फ्रेमचे काम थोडे आणि कोपरांचे जास्त होते, पण शेंडीवर सगळे बोलतात.

पाय भादरण्याबद्दलही विचारतात. स्पेशलाइज्डने 2014मध्ये आपल्या टनेलमध्ये आधी केसाळ आणि मग भादरलेले तेच पाय मोजले, आणि 40 किलोमीटरमागे मिनिटभराच्या आसपास वाचते असे जाहीर केले. घरचा प्रतिसाद लक्षात घेऊन निर्णय करावा. मोजे उंच घालून हे काम भागेल असे वाटत असेल तर सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, यूसीआयचा, नियम आडवा येतो: मोजा घोटा आणि गुडघा यांच्या मध्याच्या वर जाता कामा नये. शर्यतीआधी पंच पट्टी घेऊन मोजतात. जानेवारी 2026मध्ये पुणे ग्रँड टूर ही शर्यत झाली, तेव्हा हा नियम पुण्यालाही लागला. मोज्यांच्या उंचीवर नियम असावा आणि पट्टी लावून तो पाळला जावा, हे या शहरात कोणालाच विचित्र वाटले नसावे.

सिंहगडावर जाणाऱ्यांनी एअरोचा विषय पायथ्याच्या डोणज्यातच सोडावा. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी 10 किलोमीटर वेगाने 83 किलो (माणूस आणि सायकल मिळून) वर न्यायला पृथ्वीपोटी 181 वॉट लागतात आणि हवेपोटी चार. त्या चारातला एखादा वाचवून गडावर आधी पोचण्याचा बेत असेल, तर त्यापेक्षा एक बाटली पाणी कमी न्यावे. वर ताक मिळते.

शेवटी बिनखर्चाची चाचणी. भिंतीला टेकवून सायकलवर बसावे, घरच्या माणसाला दूर उभे करून, मोबाइल हॅण्डलच्या उंचीला धरून, समोरून फोटो काढायला सांगावे. एकदा हूडवर, एकदा ड्रॉप्सवर (हॅण्डलच्या खालच्या वळणावर), एकदा हूडवरच पण कोपर काटकोनात वाकवून. तिन्ही फोटोंतली तुमची आकृती कातरून तिचे क्षेत्रफळ मोजावे. चौकटीच्या वहीवर गिरवली तरी चालते. तिसरी आकृती बहुतेकांची सर्वांत लहान भरते आणि ती ठेवण फार तर काही मिनिटे टिकते, ती वाढवत नेणे हाच पुढच्या हंगामाचा अभ्यासक्रम. फोटो काढणारी व्यक्ती ‘पोट आत घे’ असे नक्की म्हणेल. ती सूचना इथे गैरलागू आहे, वाकलेल्या माणसाचे पोट हातांच्या आणि मांड्यांच्या मागे लपते. लपत नाही ते डोके, म्हणून खाली घालायची ती मान. पुढचा खड्डा दिसेल इतपतच.